निळ्या पडद्यापुढचा निळा कोट

चैत्र सरत आला की आमच्या कॉलनीमागच्या मंगल कार्यालयात सकाळी सकाळी कुणीतरी माइक वाजवून बघतं. "हॅलो, हॅलो, एक दोन तीन, हॅलो." तीनच्या पुढं कुणी मोजत नाही. मग सनई लागते, ती मध्येच बंद पडते, कुणीतरी कुणावर तरी खेकसतं, आणि दुपार व्हायच्या आत मसालेभाताचा वास माझ्या गॅलरीत येऊन बसतो. मी नगरला राहते, शाळेत शिकवते, आणि नेमके याच दिवसांत तपासायच्या पेपरांचे गठ्ठे घरात असतात. लगीनसराई म्हटलं की लोकांना शालू, दागिने, मानपान, रुसवेफुगवे आठवतात. मला आठवतो तापलेल्या प्लास्टिकचा वास. व्हिडिओ प्लेअर फार वेळ चालला की त्याच्या पोटातली धूळ करपायची आणि तो वास खोलीभर पसरायचा. एका वर्षी आमच्या घरात भाकरीच्या वासापेक्षा तोच जास्त होता.

गेल्या रविवारी माझी भाची आली होती, दादाची मुलगी. ती पुण्याला लग्नांचे व्हिडिओ जुळवायचं काम करते, म्हणजे बापाचाच धंदा, फक्त एसीत बसून. तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, मोबाईलवर फोटो काढला, बोट फिरवलं आणि मी एकदम बर्फाच्या डोंगरावर. गाऊनमध्ये, हातात उलथनं. "आत्या, मागचं सगळं उडवता येतं आता. कुठला रंग घालवायचा ते सांगायला पण लागत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "आम्हाला सांगायला लागायचा बाई." ती हसली. मी चहाचं आधण ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

ते नव्वदीचं दशक सरतानाचं वर्ष. आम्ही जामखेडला राहायचो, खर्ड्याच्या रस्त्याला, वस्तीच्या कडेच्या घरात. आण्णा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. त्या बाजूची निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि आमच्याच घराची एक भिंत गिलाव्यावाचून राहिलेली. आई त्यावरून त्यांना आयुष्यभर बोलली. "लोकाच्या घरी थापी नाचती, अन् आपल्या दारात आली की तिला झोप लागती," म्हणायची. आण्णा हसायचे. हसले की खोकायचे. दगडाची आणि सिमेंटची धूळ वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत जाऊन बसली होती. त्या हिवाळ्यात खोकला धरला तो सुटायचं नाव घेईना. फाल्गुनात डॉक्टरांनी दादाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता यांना प्रवास नको, धूळ नको, गर्दी नको. मला वाटतं, आणखीही काही सांगितलं असावं. दादानं ते आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आणि वैशाखात ताईचं लग्न होतं. ताई म्हणजे सुजाता, आमच्यात थोरली. तिचं सासर नेवाशाच्या बाजूला, शिंगणापूरच्या थोडं अलीकडं. स्थळ आलं तेव्हापासून आण्णा तिला चिडवायचे, "बरं झालं पोरी, त्या बाजूला घरांना दारं नसत्यात म्हनं. न्हाई पटलं तर उठायचं अन् यायचं, कडी काढायचा बी तरास न्हाई." लग्न खरं तर आमच्या दारात व्हायचं. पण घरात असा आजारी माणूस आणि पाणी म्हणावं तर टँकर येईल तेव्हा. सोयरे समजूतदार निघाले. लग्न आमच्याकडं करू, तुम्ही फक्त मुलगी घेऊन या, असा निरोप त्यांनी पाठवला. कुणीतरी म्हणालं, पुढच्या सालावर ढकलावं. आण्णा खाटेवरून म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नका. तुमी थांबलात तर मला उगं घाई करावी लागंल." सगळे हसले, आई तेवढी उठून मागच्या दारी गेली.

आईनंही लग्नाला जायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनंच ठरवलं. मी म्हटलं, मी थांबते आण्णांपाशी, तू जा, तुझी पहिली लेक आहे. ती म्हणाली, "तुला त्यांच्या उशाला पानी ठिवायचं ठावं हाय. त्यांना कवा तहान लागती ते ठावं हाय का?" पोरीचं लग्न आई-बाप दोघांवाचून होणार हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. ताई मात्र त्या दिवसांत कारण नसताना दोघांच्या मध्ये जाऊन बसायची.

कोट त्याच्या आधीच शिवून आला होता. ताईचं ठरलं त्याच आठवड्यात आण्णा स्वतः चालत शिंप्याकडं गेले होते. शिंप्यानं तपकिरी कापड दाखवलं, मग काळं दाखवलं. आण्णा म्हणाले, "त्यो निळा काढा." चौकातल्या पुतळ्याच्या अंगावर असतो, तो निळा. आमच्या वस्तीत निळा हा चार रंगांतला एक रंग नव्हता. विहाराच्या दाराला तो, जयंतीच्या कमानीला तो, झेंड्याला तो, आईच्या ठेवणीतल्या पांढऱ्या पातळाच्या काठाला तो. आपलं म्हणून जे काही होतं ते आम्ही त्याच रंगात बघायला शिकलो होतो. जन्मभर सिमेंटच्या रंगाचे कपडे घातलेल्या माणसाला एकदा अंगभर निळं घालावंसं वाटलं, यात नवल काही नव्हतं. आजार वाढल्यावर कोट खुंटीला लटकून राहिला. ताप चढला की ते म्हणायचे, "त्याच्यावर फडकं टाका गं, धूळ बसंल."

दादाचा व्हिडिओ शूटिंगचा धंदा नवीन होता. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, डोळे दिपवणारा दिवा आणि वायरींचं एक भेंडोळं, एवढं त्याचं भांडवल. लग्नं चित्रित करून आणायची आणि त्या कॅसेटी नगरला मिक्सिंगवाल्याकडं द्यायच्या. तिथं नवरा-नवरी बदामात जाऊन बसायचे, गुलाबातून उमलायचे, पान उलटल्यासारखे उलटायचे. आमच्या तालुक्यातले कितीतरी रागीट, मिशीवाले पुरुष त्या काळात बदामातून लाजत बाहेर आलेले मी पाहिले आहेत. दादाला ते सगळं स्वतः करायची हौस होती. सराईच्या तोंडाला तो असाच नगरला गेला, आणि तिथं त्यानं एक नवीनच प्रकार पाहिला. त्याला ते लोक क्रोमा म्हणायचे.

क्रोमा म्हणजे मशीनला एक रंग दाखवायचा आणि सांगायचं, हा रंग नाहीच असं समज. चित्रात जिथं जिथं तो दिसेल तिथं मशीन भोक पाडतं आणि त्या भोकातून दुसऱ्या कॅसेटीतलं चित्र दिसतं. माणूस निळ्या पडद्यापुढं उभा केला की पडदा नाहीसा होतो, माणूस राहतो, आणि त्याच्यामागं तुम्ही द्याल ते येतं. धबधबा द्या नाहीतर ताजमहाल. नगरच्या माणसानं दादाला एवढंच सांगितलं होतं की मागं सगळा एकसारखा निळा लाव आणि सुरकुती पडू देऊ नको. पुढच्या माणसाविषयी तो काही बोलला नाही आणि दादानंही विचारलं नाही. नवशिक्याला काय विचारायचं हेच माहीत नसतं. शाळेत रोज बघते मी ते.

त्या संध्याकाळी दादा बसमधून उतरून जवळजवळ पळतच घरी आला. आण्णांच्या खाटेवर बसून त्यानं हातवारे करत सगळं सांगितलं. आण्णांनी नीट ऐकून घेतलं. बांधकामाचा नकाशा समजून घ्यावा तसे त्यांनी प्रश्न विचारले.

"मंजी मला हितंच उभा करायचा?"

"व्हय. घरातच."

"अन् दिसंन तिथं? मांडवात?"

"तिथंच. ताईच्या शेजारी. कुनाला वळखू बी येनार न्हाई की तुमी हितं हुता."

आण्णा खुंटीकडं बघत म्हणाले, "कोट घालून?"

"घालून की."

"मग कर," आण्णा म्हणाले. आणि आईला हाक मारली, "ऐकलं का? मी चाललो लग्नाला."

पडदा विहारातून आणला. जयंतीच्या स्टेजला मागं लावतात तो, धुऊन घडी घालून ठेवलेला. विहाराची झाडलोट बघणाऱ्या मावशी तो स्वतः घेऊन आल्या. मी कोळशाच्या इस्त्रीनं त्याच्या सुरकुत्या काढल्या आणि आम्ही तो गिलावा नसलेल्या भिंतीवर वरपासून खाली जमिनीपर्यंत सोडला. आण्णांनी पांढरा लेंगा, पांढरा शर्ट घातला आणि वरून कोट. कोट आता ढगळ झाला होता, आईनं पाठीमागं दोन टाचण्या लावल्या. ते पडद्यापुढं जाऊन उभे राहिले तेव्हा मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आण्णा, आज तुमीच नवरदेव दिसायलात." निळ्यासमोर निळा! आमच्या वस्तीतला प्रत्येक चांगला फोटो असाच काढलेला असायचा. त्यात वावगं काही आहे असं तिथल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. दादाच्या कॅमेऱ्याला डोळा लावला की आत सगळं काळंपांढरंच दिसायचं, त्यामुळं कॅमेराही काही बोलला नाही.

आण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. दादा म्हणाला, "आता खुर्ची काढायची, अन् ताई वाकलीय असं समजून हात खाली आनायचा." आण्णांनी हवेत हात धरून बघितला. अंदाजानं काम करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "करुणे, हिकडं ये. वाक," त्यांनी मला बोलावलं. मी जाऊन कमरेत वाकले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. गवंड्याचा हात, चरबरीत, पण तापानं गरम आणि विलक्षण हलका झालेला. "तू तिच्यापरीस वाइच ठेंगणी," ते म्हणाले. "मंजी माझा हात अजून वर पायजे." त्यांनी हात तेवढा वर घेतला. मी बाजूला झाले. माझ्या डोक्यावर त्यांचा हात आला तो तेव्हाचाच शेवटचा, आणि तोही मापासाठी. मला त्याचं वाईट वाटत नाही. माप का होईना, मिळाला तर खरा.

खुर्ची काढली. दिवा लागला. आण्णांनी समोरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि हळूहळू हात खाली आणून नेमका तिथं थांबवला. "सुखी ऱ्हा बाळा. आमी हाय," ते म्हणाले. मग खोकल्याची उबळ आली आणि दादानं कॅमेरा बंद केला.

लग्नाचं मला फार काही आठवत नाही. टेम्पोतला प्रवास, नगरजवळ लागलेलं ऊन, सोयऱ्यांच्या दारातला मोठा मांडव, आणि बर्फ घातलेलं पाणी पिऊन बसलेला माझा घसा. ताई पांढऱ्या साडीत होती. वंदना झाली, पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना हार घातले, लोकांनी फुलं टाकली. मग दादा कॅमेरा तिवईवर ठेवून स्टेजवर आला. घरी जेवढ्या अंतरावर आणि जेवढ्या उंचीवर ठेवला होता तसाच त्यानं तो ठेवला होता. त्यानं खडूनं स्टेजच्या फळीवर खूण केली आणि ताईच्या कानाशी म्हणाला, "हितं आण्णा हायेत. हितं पाया पड."

येताना टेम्पोत ताई या कल्पनेवर हसली होती. "काय बी असतंय तुझं. लोक म्हनतील नवरी येडी हाय," असं म्हणाली होती. आता ती खूण बघत उभी राहिली. मांडवात कुजबुज सुरू झाली. माझ्या मागं एक बाई दुसरीला विचारत होती, "कुनाच्या पाया पडायली ती? तितं तर कोन बी न्हाई." दाजी गोंधळले होते, पण भला माणूस, त्यांनीही त्या रिकाम्या जागेला हात जोडले. आणि ताई वाकली. वाकली म्हणजे कमरेत नाही. ती खाली बसली, आणखी खाली गेली, आणि तिनं कपाळ त्या खडूच्या खुणेवर टेकलं. हार एका बाजूला घसरला. दादा कॅमेऱ्यामागून हातानं खुणा करत होता, वर, वर, थोडी वर. तिला दिसत नव्हतं. ती उठेचना. तिच्या पाठीच्या हालचालीवरून मला कळलं की ती रडतेय, आणि मला तिथं धावत जावंसं वाटलं, पण मी गेले तर चित्र बिघडेल म्हणून मी हारांच्या टेबलाला धरून उभी राहिले.

परत आलो तर आण्णांनी पहिला प्रश्न दादाला विचारला. "झालं का माझं काम?" दादा म्हणाला, "सराई सरू द्या आण्णा. मिक्सर भाड्यानं आनतो, घरीच करतो. तुमीच सांगा कुठं उभं ऱ्हायचं ते." आण्णा म्हणाले, "सावकाश कर. पर चांगलं कर." नंतरच्या दिवसांत कुणी भेटायला आलं की ते सांगायचे, मी दिसनार हाय लग्नात, कोट घालून. आलेला माणूस आमच्याकडं बघायचा. आम्ही मान हलवायचो.

ज्येष्ठ लागायच्या सुमाराला आण्णा गेले. पहाटे आईनं पाणी पाजलं आणि भांडं ठेवायला वळली, तेवढ्यात. लग्नानंतर ताई पहिल्यांदा माहेरी आली ती त्यांना पोचवायलाच. त्यांना पांढऱ्यात नेलं. कुणीतरी कोटाचं विचारलं तर आई म्हणाली, "न्हाई. त्यो लग्नाचा हाय." पुढं तिनं तो पेटीत ठेवला. मी त्या दिवसांत रडले नाही फारशी, घरात एवढी माणसं होती की रडायला जागा नव्हती.

मिक्सर आला तेव्हा सराई संपली होती आणि आभाळ रोज भरून येऊन तसंच जायचं. एक मोठं, जड मशीन, वर बटणांच्या रांगा आणि एक दांडा. दोन प्लेअर, एक रेकॉर्डर, एक टीव्ही, सगळं पुढच्या खोलीत मांडलं. वीज गेली की थांबायचं, आली की पुन्हा. दुपारी आई वस्तीत कुणाकडं गेली होती, तेव्हा आम्ही दोघांनी आण्णांची कॅसेट वरती लावली, लग्नाची खालती लावली, दोन्ही एकदम चालू केल्या आणि दादानं मशीनला निळा रंग दाखवला.

आधी पडदा गेला. त्याच्या जागी स्टेज आलं, फुलं आली, ताई आली. आणि आण्णा आले. म्हणजे आण्णांचा चेहरा आला, शर्टाची पांढरी पट्टी आली, दोन हात आले, खाली पांढरा लेंगा आला. मधला माणूस नव्हता. जिथं छाती असायला हवी तिथं स्टेजवरचा उभा पंखा फिरत होता.

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. दादा म्हणाला, "आण्णांच्या पोटात पंखा फिरतोय गं," आणि आम्ही पोट धरून हसलो, आण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग दादाचं हसणं मध्येच फुटलं. तो उठून बाहेर गेला आणि त्या गिलावा नसलेल्या भिंतीला टेकून हुंदके देऊन रडायला लागला.

नंतर कितीतरी दुपारी त्यात गेल्या. मशीनला दोन चाकं होती. एक रंग कुठला ते ठरवायचं, दुसरं तो किती घालवायचा ते. दुसरं चाक मागं घेतलं की कोट हळूहळू परत यायचा, पण त्याच्याबरोबर पडदाही यायचा आणि त्या निळ्या धुरकटात ताई दिसेनाशी व्हायची. पुढं नेलं की ताई स्वच्छ, मांडव स्वच्छ, आणि आण्णा पुन्हा रिकामे. कोट ठेवावा तर लग्न जायचं, लग्न ठेवावं तर कोट. मधोमध एक जागा होती तिथं दोन्ही अर्धवट दिसायचं, त्यात आण्णा धुक्यात हरवल्यासारखे वाटायचे. मला त्या मशीनचा भयंकर राग यायचा. हा रंग नाहीच असं समजून चालणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली होती, त्यांना आम्ही दिसत असून दिसायचो नाही. मशीनचा तसा काही हेतू नव्हता, हे मला कळत होतं. ते बिचारं सांगितलेलं करत होतं, आणि सांगणारे आम्हीच होतो. दुसऱ्या रंगाचा पडदा लावून पुन्हा चित्रण करायला आण्णा मात्र नव्हते.

शेवटी दादानं दुसरी वाट काढली. आण्णांना त्यानं पडद्यासकट, कोटासकट एका चौकोनात घेतलं आणि तो चौकोन टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात बसवला. खाली लग्न, वर आण्णा. कोट झकास दिसत होता. दादाला ते पटलं होतं, निदान त्यानं तसं ठरवलं होतं. आई भाजी निवडायला ताटली घेऊन आली आणि दारातच थांबली.

"ह्ये काय? त्यांना कोपऱ्यात का बसीवलं?"

"आई, कोट दिसावा म्हनून."

"चौकटीत तर भितीवर हायेतच की," आई म्हणाली. "त्यासाठी उभं केलं हुतं व्हय त्यांना? पाय लटलट कापत हुतं, मी बघत हुते. तिथं लेकीपाशी उभं ऱ्हायचं म्हनून उभं ऱ्हायले ते."

दादानं मान खाली घालून सगळं सांगितलं. आधी जुळवलेल्या चित्रात आण्णा ताईपाशी आहेत, पण कोट नाही, छाती नाही, पाठीमागचं सगळं आरपार दिसतं. चूक कशी झाली, निळ्यापुढं निळा कसा चालत नाही, तेही सांगितलं. आईला ते कितपत कळलं कोण जाणे. तिनं फक्त विचारलं, "त्वांड दिसतंय?"

"दिसतंय."

"हात?"

"हात बी."

"मग सुजी येऊ दे आखाडात. तिच्यासंगं बघीन," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली.

भाचीनं ती कोटावाचूनची जुळवलेली कॅसेट आता संगणकावर उतरवून घेतलीय. बुरशीनं मधली मधली चित्रं गेली आहेत, पण तो भाग शाबूत आहे. रविवारी चहा पिता पिता ती म्हणाली, "आत्या, आजोबांचा कोट मी भरून देऊ शकते. अगदी खरा वाटेल. कुणाला कळणार पण नाही." तिचा जीव आहे आजोबांवर, न पाहिलेल्या. मी तिला विचारलं, कुठला निळा भरशील? तिनं मोबाईलवर निळ्याच्या कितीतरी छटा काढून दाखवल्या. मला त्यातला एकही ओळखता आला नाही. कोपऱ्यातल्या चौकोनाचं चित्रण दादानं तेव्हाच पुसलं, आण्णांची मूळ कॅसेट त्यानं पुढच्या सराईत चुकून कुणाच्या तरी वरातीला वापरली, आणि पेटीतला कोट कसरीनं खाल्ला. मी तिला म्हटलं, राहू दे. तिला वाईट वाटलं असावं, म्हणून जाताना तिच्या डब्यात मी शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

त्या वर्षी आषाढात ताई आली. नव्या नवरीनं पहिल्या आषाढात माहेरी यायचं असतं, तशी रीतसर आली, हातभर हिरव्या बांगड्या घालून. आणि दारात आल्या आल्या आण्णांच्या खाटेकडं बघून उंबऱ्यातच बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज होती. आई टीव्हीपुढं जमिनीवर बसली, तिच्या शेजारी ताई, ताईच्या शेजारी मी. दादा मशीनपाशी.

आईनं पोरीचं लग्न पहिल्यांदा पाहिलं ते असं. ती अगदी लग्नाला आल्यासारखी बघत होती. "जावई उंच हाय बया." "हार चांगला ताजा हुता." "ह्या कोन? तुझी चुलत सासू? तोऱ्यात हाय." ताई हळू आवाजात उत्तरं देत होती. हार घालून झाले, फुलं पडली. मग स्टेजवर एका बाजूला आण्णांचा चेहरा उमटला, आणि ते पांढरे पाय, आणि मधला फिरता पंखा. ताईनं माझा हात घट्ट धरला. दादा भिंतीकडं बघत म्हणाला, "कोट न्हाई दिसत, आई."

"कोट मी बघितलाय त्यांच्या अंगावर," आई म्हणाली. "तू हात दाव."

पडद्यावर ताई खाली बसली, वाकली, तिचं कपाळ फळीला टेकलं. आण्णांचा हात हळूहळू खाली आला आणि त्यांनी मापून ठेवलेल्या जागी नेमका थांबला. ताई तिथं नव्हती. ती केवढीतरी खाली होती. हात हवेतच राहिला. "सुखी ऱ्हा बाळा. आमी हाय."

"मागं घे," आई म्हणाली.

दादानं कॅसेट मागं घेतली. पुन्हा ताई वाकली, पुन्हा हात आला, पुन्हा तसाच वर थांबला. "आजून येकदा घे." दादानं पुन्हा घेतली. आई बसल्या जागेवरून टीव्हीकडं सरकत सरकत अगदी काचेपाशी गेली होती. हात खाली येऊ लागला तशी ती पडद्यातल्या ताईला म्हणाली, "सुजे, वाइच वर व्हय की गं. त्यांचा हात पुरंना."

आणि माझा हात सोडून, दोन्ही तळवे जमिनीवर टेकून, माझ्या शेजारी बसलेली ताई मान खाली घालून जराशी वर झाली आणि तशीच थांबली.